बागा आणि हरितमार्ग जोडून गाड्यांविना सायकलवाट कशी आखावी

नकाशावरचे हिरवे पट्टे बोटाने जोडत गेलं की सायकलवाट तयार झाली, असा समज असेल तर तो आधी सोडा. बागेच्या आतला भाग कुणालाही आखता येतो. घोळ होतो तो एका बागेच्या फाटकातून बाहेर पडून पुढच्या हरितमार्गाला (गाड्यांपासून वेगळ्या, झाडीतून जाणाऱ्या वाटेला) लागेपर्यंतच्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये. ‘निसर्गरम्य सायकलवाटा’ छापाच्या याद्यांतून नेमका हाच तुकडा गायब असतो. मग यादीवर विसंबून पोराबाळांसह निघालेला माणूस सहा पदरी रस्त्याच्या कडेला सायकल धरून ताटकळतो.

सायकल ठीक आहे, हवा भरली आहे, पंक्चरचं सामान जवळ आहे, हे धरूनच पुढे जाऊ.

1. आधी कणा ठरवा

कणा म्हणजे ज्याला बाकी सगळं जोडायचं तो मुख्य पट्टा. असा लांब, सलग आणि खरोखर गाड्यांपासून मोकळा पट्टा बहुतेक शहरांत तीनच ठिकाणी सापडतो: बंद पडलेला लोहमार्ग, कालव्याचा काठ आणि नदीचा काठ. निवड असेल तर डोळे झाकून लोहमार्ग घ्या. आगगाडीला तीव्र चढ चढवत नाही, त्यामुळे चढ सहसा 2 टक्क्यांच्या आत राहतो, वळणं मोठी असतात आणि बरेच रस्ते पुलावरून किंवा पुलाखालून ओलांडले जातात. इंग्लंडमधली ब्रिस्टल ते बाथ ही 21 किमीची वाट 1979 ते 1986 या काळात अशाच जुन्या लोहमार्गावर झाली. मिनियापोलिसचा मिडटाउन ग्रीनवे तर जुन्या रेल्वेसाठी खणलेल्या चरातून जातो, म्हणजे सायकली खाली आणि शहराचे रस्ते वरच्या पुलांवरून.

कालव्याकाठी चढ जवळजवळ नसतो; असलाच तर लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी बदलून होड्या वर-खाली नेणाऱ्या दरवाजांपाशी. पण पुलाखाली वाट अरुंद होते आणि कमानीपलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. नदीकाठ देखणा असतो, पण पूर ओसरल्यावर वाटेवर गाळाचा बुळबुळीत थर उरतो. जोराच्या पावसानंतरचे काही दिवस तिकडे न गेलेलंच बरं.

बागेला कणा करू नका. बागेतल्या वाटा फिरायला येणाऱ्यांसाठी मुद्दाम वळवलेल्या असतात. एक किलोमीटर पुढे जायला दीड किलोमीटर चालवावं लागतं. बाग दोन कण्यांना जोडण्यासाठी किंवा थांबण्यासाठी वापरा.

2. सायकलला परवानगी आहे का, हे पाहा

हिरवंगार आहे म्हणून सायकल चालतेच असं नाही. न्यूयॉर्कची हाय लाइन हा जुन्या लोहमार्गावरचाच हिरवा पट्टा, पण तिथे सायकल चालवायला बंदी आहे. पॅरिसच्या ‘कुले व्हेर्त’ या तशाच जुन्या लोहमार्गावरच्या हिरव्या पट्ट्याचा कमानींवरून जाणारा भागही फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाच्या संकेतस्थळावर ‘सायकलओएसएम’ हा थर निवडा आणि तुमच्या वाटेचा एकेक तुकडा विचारून घ्या; त्यासाठी तिथे प्रश्नचिन्हाचं बटण आहे. ‘बायसिकल’ या खुणेसमोर ‘डेझिग्नेटेड’ किंवा ‘यस’ असेल तर जा. ‘डिसमाउंट’ असेल तर तेवढं अंतर उतरून चालावं लागेल. ‘नो’चा अर्थ सांगायला नको. आणि ही खूणच नसेल तर परवानगी आहे असं धरू नका, याचा अर्थ इतकाच की अजून कुणी नोंदवलेलं नाही. फाटकावरची पाटी नकाशापेक्षा मोठी.

3. सांधे: इथेच वाट ठरते

कणा आणि बागा निवडून झाल्या की वाट जिथे जिथे गाड्यांच्या रस्त्याला भेटते त्या प्रत्येक जागेवर, म्हणजे सांध्यावर, खूण करा. सगळं मूल्यमापन या खुणांचं. वीस किलोमीटरच्या वाटेत एकोणीस किलोमीटर झाडांखालून जात असले, तरी सर्वांत वाईट सांधा जितका वाईट, तितकीच ती वाट वाईट. याला ‘पण बाकी सगळं किती छान आहे’ हे उत्तर नाही.

पहिली फसगत उंचीची. नकाशावर दोन रेघा एकमेकींना छेदताना दिसतात आणि वाटतं, इथून वर चढलो की झालं. प्रत्यक्षात हरितमार्ग रस्त्याखालून सहा मीटर खोल जात असतो आणि मध्ये उतार नसतो, असला तर जिना. रेघा छेदतात तिथे जोडबिंदू आहे की एक रेघ पूल किंवा बोगदा म्हणून नोंदलेली आहे, हे पाहा. ‘स्टेप्स’ असं दिसलं तर जिना. बाजूला चाक ढकलायची पन्हळ असली तरी मागे पोराची खुर्ची लावलेली सायकल त्यावरून चढवणं हे काम आहे, सहल नव्हे. खोल किंवा उंचावरच्या मार्गांना चढ-उतारासाठी ठरावीकच जागा असतात. त्या आधी शोधा, मग त्यांच्यामध्ये बागा बसवा. उलट क्रमाने केलं की हमखास अडकाल.

दुसरी गोष्ट, रस्ता कसा ओलांडायचा. इथे अंदाज चालत नाही, सरळ हिशेब करा. दोन पदरी रस्ता सुमारे 7 मीटर रुंद असतो. सायकल ढकलत माणूस सेकंदाला सुमारे 1.2 मीटर चालतो, म्हणजे पलीकडे जायला 6 सेकंद. ताशी 50 किमी वेगाने येणारी गाडी सेकंदाला 14 मीटर कापते. 6 सेकंदांत 84 मीटर. सिग्नल नसेल तर दोन्ही बाजूंना किमान 100 मीटर स्वच्छ दिसलं पाहिजे. गाड्या 70 च्या वेगाने धावत असतील तर हाच आकडा 117 होतो, तेव्हा 140 धरा. वळण, उभ्या केलेल्या गाड्या, वाढलेलं कुंपण यांपैकी काहीही आडवं आलं की ती जागा बाद.

चार पदरी किंवा त्याहून रुंद रस्ता असेल आणि सिग्नल नसेल, तर पलीकडचं फाटक कितीही जवळ असो, तिथून जाऊ नका. तीनशे मीटर वाकडी वाट करून सिग्नलवरून जा. मध्ये दुभाजक आहे ना, असं म्हणणाऱ्यांनी त्याची रुंदी मोजलेली नसते. साधी सायकल सुमारे 1.8 मीटर लांब. दीड मीटरच्या दुभाजकावर उभं राहिलात तर पुढचं चाक तरी रस्त्यात किंवा मागचं तरी. थांबायची जागा किमान 2 मीटर रुंद हवी. मागे मुलांची गाडी जोडली असेल तर सगळा लवाजमा 3 मीटरपर्यंत जातो. तेव्हा एका झटक्यात पार करता येईल असंच क्रॉसिंग शोधा.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही: वाट कोणत्या दिशेने फिरवायची. एका फाटकातून रस्त्यावर येऊन थोडं पुढे जाऊन रस्त्याच्या त्याच बाजूच्या दुसऱ्या फाटकात शिरायचं आहे, असा सांधा वारंवार येतो. वाहतूक डावीकडून चालते तिथे बाहेर पडताना डावीकडे वळलात आणि आत शिरतानाही डावीकडे, तर रस्ता ओलांडावाच लागत नाही. हीच वाट उलट फिरवली तर तोच रस्ता दोनदा ओलांडावा लागतो. म्हणून डाव्या वाहतुकीच्या शहरात वर्तुळाकार वाट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा आणि उजव्या वाहतुकीच्या शहरात काट्यांप्रमाणे. दुसरं फाटक समोरच्या बाजूला असेल तर दिशा बदलून काही मिळत नाही, एकदा ओलांडावं लागणारच. तिथे रस्त्यावरून चालवत जाऊन मध्येच वळण्यापेक्षा उतरा, पदपथावरून सायकल ढकलत सिग्नल गाठा.

चौथा सांधा सांधा वाटतच नाही. हरितमार्ग मोठ्या रस्त्याला समांतर जातो आणि त्या रस्त्यावरून वळलेल्या गाड्या वाहनतळाकडे किंवा धक्क्याकडे जाताना तुमच्या वाटेला आडव्या येतात. मॅनहॅटनच्या पश्चिम काठावरचा हडसन रिव्हर ग्रीनवे याचं ठळक उदाहरण. वळणाऱ्या चालकाची नजर सिग्नलवर आणि समोरच्या गाडीवर असते, बाजूच्या वाटेवर नसते. तुमचा दिवा हिरवा असला तरी वेग कमी करा, चालकाशी नजरानजर झाल्यावरच पुढे व्हा. सोबत मुलं असतील तर इथे मोठ्या माणसाने पुढे राहायचं.

मार्ग शोधणारी अ‍ॅप या कामात अर्धीच मदत करतात. त्यांना अंतर आणि रस्त्याचा प्रकार कळतो, पण सांध्यावर उभं राहणं किती त्रासाचं आहे ते कळत नाही. ‘बीराउटर’सारखं साधन वापरा: प्रत्येक तुकड्याची नोंद तक्त्यात दिसते आणि नको असलेली जागा नकाशावर वर्तुळ काढून वगळता येते. त्यानंतर रस्त्यावरचे फोटो पाहा, पण फोटोचं वर्षही पाहा. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोतलं उघडं फाटक आज कुलूपबंद असू शकतं.

4. अडथळ्यांची रुंदी

दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून फाटकापाशी बोलार्ड (बुटके खांब), फिरती दारं किंवा नागमोडी कठडे बसवलेले असतात. सरळ हँडलची सायकल बऱ्याचदा 70 सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असते. दोन बोलार्डमध्ये 1.5 मीटर असेल तर काहीच प्रश्न नाही. मीटरभर असेल तर उतरून जा. नागमोडी कठड्यातून लांब मालवाहू सायकल किंवा मागची मुलांची गाडी वळत नाही, मग रुंदी पुरेशी असो वा नसो. तुमची सायकल अशी असेल तर हे एक फाटक सगळी वाट रद्द करायला पुरेसं आहे.

5. जमीन

डांबर आणि काँक्रीट, उत्तम. घट्ट बसलेला मुरूम किंवा बारीक खडी 35 ते 40 मिमी टायरवर आरामात जाते. हवा 40 ते 50 पीएसआय पुरे, टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून. 28 मिमीचे टायर गच्च फुगवून सुट्या खडीवर नेलेत तर वळणावर पुढचं चाक घसरणार. ओल्या लाकडी फळ्या आणि कुजलेला पाला यांवर वळू नका, ब्रेक दाबू नका. सरळ, हलक्या हाताने निघून जा. जुन्या झाडांच्या मुळांनी डांबर उचललेलं असतं, ते दाट सावलीत दिसत नाही. रूळ तसेच ठेवलेले असतील तर ते शक्य तितक्या काटकोनात ओलांडा.

6. वेळ

थांबे धरून ताशी 12 किमी, लहान मुलं असतील तर 8. बरीच उद्यानं अंधार पडताच बंद होतात. शेवटचं फाटक बंद होण्याच्या तासभर आधी तिथून बाहेर पडाल असं गणित मांडा. बोगदा असेल तर भर दुपारीही दिवा हवा.

7. आधी एकट्याने जाऊन या

ज्या दिवशी सगळ्यांना न्यायचं, आठवड्याच्या त्याच वारी आणि त्याच वेळी. रविवारी सकाळी ओस असलेलं क्रॉसिंग शनिवारी संध्याकाळी ओळखू येत नाही. प्रत्येक सांध्यावर थांबा, गाड्यांतली फट घड्याळ लावून मोजा: सहा सेकंदांची फट मिनिटभरात एकदाही मिळाली नाही तर पर्याय शोधा. सायकल आणि पायी चालणारे दोघे वापरतात ती वाट किमान 3 मीटर रुंद असेल तर सुखाची. 2 मीटर असेल तर गर्दीच्या वेळी टाळा. अशा वाटेवर ताशी 15 किमीच्या वर जायचं नाही, मागून जाताना घंटी आधी, शेजारी पोचल्यावर नाही.

परतल्यावर वाट जीपीएक्स फाइलमध्ये (नकाशाच्या अ‍ॅपमध्ये उघडता येणारी मार्गाची नोंद) जतन करा आणि तिच्यात सांध्यांच्या खुणा, पाण्याचे नळ, शौचालयं आणि मध्येच सोडून बसस्थानक किंवा रेल्वे स्थानक गाठता येईल अशा जागा भरा. कुलूपबंद फाटक किंवा नकाशात नसलेला जिना सापडला असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर त्याच जागी टीप टाका. खातं उघडून दोन ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात.