अपंगत्व पेन्शन: टक्केवारी असूनही दावा फेटाळला जातो, कारण या चुका

सैन्यातून लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे वैद्यकीय तंदुरुस्तीची खालची श्रेणी घेऊन, निवृत्त होणारा जवान निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या कागदावर आधी अपंगत्वाची टक्केवारी बघतो. २० टक्क्यांची अट पूर्ण झाली की पेन्शन पक्की, असं त्याला वाटतं. दावा अडतो तो दुसऱ्याच रकान्यात. आजार ‘अ‍ॅट्रिब्युटेबल’ म्हणजे सेवेमुळे झालेला आहे का, किंवा ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड’ म्हणजे सेवेमुळे बळावलेला आहे का? दोन्हींपुढे ‘नाही’ असेल, तर ४० टक्के अपंगत्व असूनही डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळत नाही.

पुढची चूक अपिलात होते. त्रास किती होतो यावर दोन पानं खर्ची पडतात आणि बोर्डाने दिलेलं कारण तसंच राहतं. म्हणून आधी बोर्डाचा निष्कर्ष आणि कारण ज्यात असतं त्या एएफएमएसएफ-१६ फॉर्मची पूर्ण प्रत हातात घ्या. नसेल तर १० रुपये भरून रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा. रक्तदाबाचं कारण ‘पीस स्टेशनला (शांत भागातल्या ठाण्यावर) सुरुवात’ असं लिहिलं असेल, तर पोस्टिंगची तारीखवार यादी आणि आजाराची पहिली नोंद शेजारी ठेवा. फील्ड (सीमेवरच्या किंवा मोहिमेच्या भागातली) किंवा अतिउंचावरची पोस्टिंग नेमकी कुठे बसते, ते त्यातून दिसायला हवं. हृदयविकारात झटक्याआधीच्या १४ दिवसांची ड्युटी पाहतात. ती युनिटकडून लेखी घ्या.

बोर्डाने कारणच दिलं नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल कामी येतो. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला असं त्यात गृहीत धरलं आहे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकला आहे. पण बोर्डाचं कारण सविस्तर असेल, तर नुसता निकालाचा दाखला पुरत नाही.

दुखापतीत इंज्युरी रिपोर्ट आणि त्यावरचं कमांडिंग ऑफिसरचं मत हाच कणा. सुट्टीत घरच्या कामात लागलेला मार ‘सुट्टीही ड्युटीच’ म्हणून मांडू नका. सेवेशी कारणसंबंध लागतो. सुट्टीवर जाता-येतानाच्या प्रवासातला अपघात वेगळा, त्यासाठी लीव्ह सर्टिफिकेट आणि तिकीट जपा.

पहिलं अपील ६ महिन्यांत करा, मग दुसरं, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबई खंडपीठ. उशीर केलात तर थकबाकी याचिकेआधीच्या ३ वर्षांपुरतीच राहण्याचा धोका असतो.

ज्यांना पेन्शन मिळते, त्यांनीही पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, तपासावा. ब्रॉड-बँडिंगमध्ये, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी वरच्या ठरावीक टप्प्यावर नेण्याच्या पद्धतीत, ३० टक्के अपंगत्व ५० धरलं जातं, म्हणजे डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ९ ऐवजी १५ टक्के. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू असल्याचं २०१४ च्या राम अवतार निकालाने स्पष्ट केलं. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडलेल्यांना नवे नियम लागू आहेत. त्याआधी निवृत्त झालेल्या मित्राच्या अर्जाची नक्कल त्यांनी वापरू नये.