लिव्हरचा रिपोर्ट हातात आला की कसा वाचायचा

बाबांच्या एलएफटीची, म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्टची, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली, एसजीपीटी 68, ठळक अक्षरात, बाजूला स्टार. बाबा म्हणाले, "म्हणजे आता सावजी बंद का?" आणि आईचा चेहराच उतरला. म्हणून हे लिहून राहिलो, कारण त्या एका स्टारने सगळं घर घाबरतं आणि बाकीचा कागद कोणी वाचतच नाही.

आधी आठवा, टेस्टच्या आधीच्या दिवसांत काय काय झालं. जिममध्ये दणकून व्यायाम, ताप, दारू, पॅरासिटामॉल, टीबीची औषधं, आणि काढे पण, यांनीही आकडे वर जाऊ शकतात. गुळवेलीच्या काढ्याने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत, त्यामुळे "घरगुतीच तर आहे" म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका.

मग एसजीओटी, एसजीपीटी बघा. लिव्हरच्या पेशी दुखावल्या की ही एन्झाइम्स रक्तात उतरतात. साधारण 40 पर्यंत नॉर्मल धरतात, पण लॅबनुसार रेंज बदलते, आपल्याच कागदावरची बघायची. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं, एसजीओटी स्नायूंमधूनही येतं, आणि ते एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असलं तर डॉक्टर दारूबद्दल विचारतातच. फॅटी लिव्हरमध्ये बहुतेकदा एसजीपीटी थोडंसं वर असतं, बाबांच्या सोनोग्राफीत तेच निघालं. पावसाळ्यात दूषित पाण्याने कावीळ झाली तर हेच आकडे हजाराच्या वर जाऊ शकतात.

बिलिरुबिन, म्हणजे काविळीत डोळे पिवळे करणारं द्रव्य, 1.2 पर्यंत ठीक. 3 च्या आसपास गेलं की डोळे पिवळे दिसतात, पण ते ट्यूबलाइटखाली नका बघू, दिवसा खिडकीपाशी बसवून खालची पापणी ओढून बघा. रिपोर्टात त्याचे डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असे दोन भाग असतात; नुसतं इनडायरेक्ट थोडं वाढलेलं आणि बाकी सगळं नॉर्मल असेल तर बऱ्याचदा तो गिल्बर्ट सिंड्रोम असतो, त्याने काही बिघडत नाही. डायरेक्ट बिलिरुबिन, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज व जीजीटी ही आणखी दोन एन्झाइम्स, तिन्ही वर असले तर मात्र पित्ताची नळी अडली असेल, सोनोग्राफी करा. एकटं फॉस्फेटेज हाडांमुळेही वाढतं, वाढत्या पोरांमध्ये तर असतंच जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट). लिव्हर खरंच किती काम करून राहिलं ते इथे कळतं. अल्ब्युमिन 3.5 च्या खाली असेल किंवा आयएनआर वाढला असेल तर एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून निवांत बसू नका, सिरोसिसमध्येही, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालं असलं तरी, ते नॉर्मल येऊ शकतं. आयएनआर बऱ्याच पॅकेजमध्ये नसतो, वेगळा सांगावा लागतो.

आणि कावीळ असताना माणूस असंबद्ध बोलायला लागला, किंवा रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी झाली, तर रिपोर्ट वाचत बसू नका, रात्र असली तरी सरळ मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा, आपल्या नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) नाहीतर मेयो हॉस्पिटल.