रेकॉर्डचा चोणक लागला तर वजन कुठल्या काट्यावर? काटा कमी खर्चात सर्टिफाय कसा करायचा

गोव्यात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जाणारे आपण लोक रॉड, रील आणि लुअरवर (नकली आमिषावर) हजारो रुपये घालताना मागेपुढे बघत नाही, पण काट्याचा विषय निघाला की सगळे गप्प. मग एखाद्याला शापोरा नदीत किंवा मांडवीच्या कडेला खरंच मोठा चोणक (बारामुंडी) लागतो आणि वजन होतं ते विमानाची बॅग तोलायच्या चायनीज काट्यावर. फोटो मस्त येतो पण रेकॉर्डसाठी त्या वजनाला शून्य किंमत. आणि बहुतेक जण काटा सर्टिफाय करत नाहीत कारण त्यांना वाटतं की ते फार महाग काम आहे, परदेशात पाठवावं लागतं वगैरे. तसं नाहीये. पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत एवढं कळलं तर हे काम एका बऱ्या लुअरच्या खर्चात होऊ शकतं.

आधी नियम बघू, कारण खर्चाचं सगळं गणित त्यावरच आहे. जागतिक रेकॉर्ड ठेवते ती आयजीएफए, म्हणजे इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन, १९३९ पासूनची संस्था, ऑफिस फ्लोरिडात. त्यांचं म्हणणं असं की ज्या काट्यावर मासा तोलला तो सरकारी खात्याने किंवा मान्यता असलेल्या संस्थेने तपासलेला हवा आणि ती तपासणी गेल्या १२ महिन्यांतली हवी. वजन जमिनीवर झालं पाहिजे, होडीत केलेलं चालत नाही. अंदाजाचं वजन तर नाहीच नाही. आणि काट्यावरचा आकडा दोन खुणांच्या मध्ये आला तर खालचा धरायचा. ही शेवटची गोष्ट लोक वाचतात आणि विसरतात, पण काटा निवडताना तीच सगळ्यात महत्त्वाची.

का ते सांगतो. ११.३३ किलोच्या खालचं रेकॉर्ड मोडायचं तर नवीन मासा जुन्यापेक्षा किमान ५६.६९ ग्रॅमनी जड हवा. त्याच्यावरच्या माशांना अर्धा टक्का जास्त लागतो. आता समजा जुनं रेकॉर्ड ८.२६ किलो आहे आणि तुमचा मासा ८.३२ किलोचा. फरक ६० ग्रॅम, म्हणजे रेकॉर्ड तुमचं. पण जेटीवरच्या ज्या मोठ्या प्लॅटफॉर्म काट्यावर तो तोलला तो ५०-५० ग्रॅमच्या पायरीने वाचतो, म्हणजे कागदावर येणार ८.३०, फरक उरला ४० ग्रॅमचा आणि रेकॉर्ड गेलं. सर्टिफिकेट एकदम बरोबर, स्टँप ताजा, सगळं असूनसुद्धा गेलं. म्हणून काट्याच्या प्लेटवर 'ई' (e) म्हणून जो आकडा छापलेला असतो, म्हणजे काटा किती ग्रॅमच्या पायरीने वाचतो, तो बघायची सवय लावून घ्या. ३० किलोचा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बऱ्याचदा ५ ग्रॅमचा असतो आणि आपल्या खाडीतल्या चोणक, तांबोशीला तोच सगळ्यात बरा. १०० किलो, ३०० किलोवाले काटे फक्त मोठ्या मोडशासाठी किंवा गोब्र्यासाठी.

कोणी म्हणेल की चोणकाचं ऑल टॅकल रेकॉर्ड (लाइन कुठलीही असो, सगळ्यात जड मासा) ४४.६४ किलोचं आहे, २०१० साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मोंडुरान तलावात पकडलेलं, ते आपल्याकडे कोण मोडणार. बरोबर आहे, पण रेकॉर्ड एकच नसतं. लाइन क्लासची, म्हणजे लाइन किती वजनाला तुटते त्याप्रमाणे रेकॉर्डं वेगळी असतात, १ किलो, २ किलो, ३, ४, ६, ८, १० असं करत ६० किलो लाइनपर्यंत, त्यात पुरुष-बायका वेगळे, लहान मुलांचे वेगळे. बारीक लाइनवर बऱ्यापैकी मासा काढणारी मुलं आपल्याकडे आहेत आणि त्यांच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

आता मुद्द्याचं. काटा मिळवायचे तीन रस्ते आहेत, स्वस्तापासून सुरू करतो.

पहिला रस्ता जवळजवळ फुकटचा आहे. आपल्याकडे लीगल मेट्रॉलॉजी कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०११ पासून लागू, आणि त्याप्रमाणे धंद्यात वापरायचा प्रत्येक काटा वजन-माप खात्याकडून तपासून स्टँप करून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला ही तपासणी दर १२ महिन्यांनी. बघा, आयजीएफएला पण १२ महिनेच हवेत! म्हणजे मालीमच्या जेटीवर, म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात, अगदी तुमच्या वाड्यावरच्या किराणा दुकानात जो स्टँप असलेला काटा आहे तो आत्ता या क्षणी रेकॉर्डसाठी चालणारा सरकारी तपासलेला काटा आहे, आणि त्याचा खर्च दुकानदाराने आधीच केलेला आहे. तुम्हाला फक्त मासा लागायच्या आधी जाऊन बघून ठेवायचंय. सर्टिफिकेट दिसेल असं लावणं बंधनकारक असतं, त्यामुळे विचारायला लाजायचं कारण नाही. ओळखीच्या माणसाला सरळ सांगायचं, बाब, एखाद दिवशी रात्री मोठा मासा घेऊन आलो तर काटा वापरायला देशील का, आणि सर्टिफिकेटचा एक फोटो काढू का. कोणी नाही म्हणत नाही, उलट मासा बघायला घरातली सगळी बाहेर येतात.

काटा बघताना जवळ जाऊन सील बघा. काट्याच्या खाली किंवा मागे एक बारीक तार ओवून शिशाची छोटी गोळी दाबलेली असते, त्यावर वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर असतं, ते तिमाहीचं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि तसंच पुढे. तार तुटलेली असेल किंवा गोळीच नसेल तर भिंतीवर कितीही छान सर्टिफिकेट असू दे, तो काटा सोडून द्या. सर्टिफिकेटवरचा सीरियल नंबर आणि काट्याच्या प्लेटवरचा नंबर एकच आहे का हे पण जुळवून बघा, कारण एका दुकानात दोन-तीन काटे असले की कागदांची अदलाबदल होते. सील, प्लेट, सर्टिफिकेट, तिन्हीचे फोटो काढून मोबाइलमध्ये एका फोल्डरला ठेवून द्या.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःचा काटा घेऊन त्यावर स्टँप घ्यायचा. इथे लोकांचे पैसे जातात ते फीमध्ये नाही, चुकीचा काटा घेण्यात. ऑनलाइन मिळणारे लटकवायचे काटे स्वस्त असतात पण त्यातल्या बहुतेकांना भारत सरकारचं मॉडेल अप्रूव्हल नसतं आणि ते नसेल तर इन्स्पेक्टर स्टँप मारूच शकत नाही, तुम्ही कितीही विनवण्या करा. परदेशातून आणलेल्या, माशाचं तोंड पकडून तोलायच्या ग्रिपवाल्या स्प्रिंग काट्यांचं पण तेच. त्यामुळे विकत घेण्याआधी प्लेटवर आयएनडीने सुरू होणारा अप्रूव्हल नंबर आहे का हे विचारा, आणि शक्यतो लायसन्सवाल्या डीलरकडूनच घ्या. तो डीलर किंवा त्याचा रिपेअरर स्टँपिंग करून आणून देतो, त्याची मजुरी वेगळी. सरकारी फी काट्याच्या क्षमतेवर आणि क्लासवर ठरते, म्हणून उगाच १०० किलोचा काटा घेऊ नका. तारीख उलटून गेल्यावर नेला तर जादा फी लागते, आणि इन्स्पेक्टरला तुमच्या जागेवर बोलावलं तर त्याचा खर्च पण येतो, तेव्हा लहान काटा असेल तर आपणच उचलून ऑफिसला नेलेला बरा.

तिसरा रस्ता एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय बोर्ड) मान्यतेच्या लॅबचा. ज्या काट्यावर सरकारी स्टँप बसत नाही त्याच्यासाठी हाच. लॅब स्टँप मारत नाही, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट देते, म्हणजे ५ किलो ठेवले तेव्हा काटा किती दाखवत होता, १० ला किती, चूक किती, असं सगळं लिहून. एनएबीएलच्या वेबसाइटवर राज्यवार लॅब शोधता येते, फक्त त्या लॅबच्या स्कोपमध्ये (मान्यता मिळालेल्या कामांच्या यादीत) तुमच्या प्रकारचा आणि तुमच्या क्षमतेचा काटा आहे ना ते तपासा, नाहीतर एनएबीएलचा लोगो नसलेलं साधं सर्टिफिकेट हातात पडतं. कोटेशन मागताना तीन गोष्टी स्पष्ट लिहा: कुठल्या वजनांवर तपासायचं (तुमच्या माशाच्या वजनाच्या आसपासची हवीत, २, ५, १०, १५, २०), ॲडजस्ट करण्याआधीचे आकडे सर्टिफिकेटवर हवेत, आणि येण्याजाण्याचा खर्च धरलाय का नाही. वर जीएसटी असतो तो वेगळा. एक युक्ती आहे. वेर्णा, कुंडईच्या फार्मा कंपन्यांत काटे नियमित कॅलिब्रेट करावे लागतात, त्यासाठी लॅबची माणसं तिकडे फेऱ्या मारत असतात, तेव्हा लॅबला विचारा की तुमचा माणूस पुढच्या वेळी इकडे येईल तेव्हा आमचा काटा करून द्याल का, व्हिजिट चार्ज वाचतो.

आणि काटा शक्य असेल तर गोव्यातच तपासून घ्या. कुरियरचे पैसे वाचतात हे एक, दुसरं कारण गुरुत्वाकर्षणाचं आहे. स्प्रिंगचा किंवा लोडसेलचा (इलेक्ट्रॉनिक सेन्सरचा) काटा मुळात ओढ मोजतो आणि ती ओढ सगळीकडे सारखी नसते, विषुववृत्ताकडे थोडी कमी होते. दिल्लीत तंतोतंत सेट केलेला काटा तसाच गोव्यात आणला तर २० किलोमागे साधारण १४-१५ ग्रॅम कमी दाखवणार. जिथे ५६ ग्रॅमवर रेकॉर्ड ठरतं तिथे हे सोडून देण्यासारखं नाही, आणि नुकसान तुमचंच.

आयजीएफए स्वतः पण काटे सर्टिफाय करून देते पण त्यासाठी काटा फ्लोरिडाला पाठवायचा, परत मागवायचा, मध्ये कस्टम, माझ्या मते इथून कोणी या भानगडीत पडू नये.

माझं स्पष्ट मत असं की एकट्याने काटा सर्टिफाय करत बसू नका. पाच-सहा जणांच्या ग्रुपने मिळून ३० किलोचा एक अप्रूव्ह्ड काटा घ्या, वर्गणी काढा, आणि जो नदीजवळ राहतो आणि रात्री-अपरात्री फोन उचलतो त्याच्या घरी ठेवा. स्टँपिंग पावसाच्या शेवटाला, ऑगस्टच्या आसपास करून घ्या म्हणजे पाणी निवळून मानशीच्या (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडावर चोणक लागायला लागतो तोपर्यंत कागद हातात असतो आणि पुढचा अख्खा सीझन त्याच सर्टिफिकेटवर निघतो. दुसऱ्या काठावरच्या ग्रुपशी बोलून त्यांचा काटा वेगळ्या तिमाहीत करायला सांगा, म्हणजे एकाची तारीख संपली तरी दुसऱ्याचा चालू असतो.

आता प्रत्यक्ष तोलताना. काटा सपाट जागेवर, पंखा किंवा वारा नको, मासा ठेवायच्या आधी शून्य दाखवतोय त्याचा फोटो. मासा झोळीत किंवा टबमध्ये तोलत असाल तर झोळी जशी वापरली तशीच, ओली, पाणी निथळत असेल तशी लगेच वेगळी तोलून तिचं वजन वजा करायचं, घरी जाऊन सुकलेली झोळी तोलून उपयोग नाही. चोणक शेपटी आपटतो तेव्हा आकडा वरखाली नाचतो, त्यातला सगळ्यात मोठा आकडा पकडून स्क्रीनशॉट घेऊ नका, स्थिर झाल्याची खूण आली की मगच वाचा. तोलणारा माणूस आणि साक्षीदार तिथेच हवेत, आणि ज्या रॉड, रील, लाइनवर मासा काढला ती त्यांना तिथेच दाखवायची असते, गाडीत ठेवून येऊ नका. पूर्ण मासा, तुम्ही माशासोबत, रॉड-रील, आणि काटा, एवढे फोटो लागतातच.

काट्याची तारीख संपलीय आणि मासा समोर आहे, असं झालं तर हताश होऊ नका. त्याच काट्यावर तोला आणि लगेच दुसऱ्या दिवशी तो तपासायला न्या, पण काट्याला हात लावू न देता, म्हणजे सेटिंग बदलण्याआधी काटा किती बरोबर होता याचा रिपोर्ट आधी लेखी घ्यायचा. आयजीएफए हे मान्य करते. रिपेअररने प्रेमाने आधीच काटा नीट करून टाकला तर तुमचा पुरावा संपला, म्हणून त्याला देतानाच बजावून सांगा.

ज्यांना मासा सोडून द्यायचाय त्यांनी वजनाच्या मागेच लागू नये असं मला मनापासून वाटतं. २०११ पासून आयजीएफएने लांबीचं रेकॉर्ड पण सुरू केलंय, त्यात त्यांच्या अधिकृत मोजपट्टीवर मासा ठेवून फोटो काढायचा आणि जिवंत सोडायचा. पट्टी एकदा विकत घेतली की झालं, दरवर्षीचं स्टँपिंग आणि त्याची फी नाही, काट्यापर्यंत मासा न्यायची धावपळ नाही.

वजनाचा क्लेम करत असाल तर लीडर (गळाजवळचा दोरीचा तुकडा) आणि त्याला जोडलेली किमान १५.२४ मीटर लाइन अर्जासोबत पाठवावी लागते, त्यामुळे घरी आल्यावर उत्साहात लाइन कापून टाकू नका, पुठ्ठ्यावर न गुंता होता गुंडाळून ठेवा. लाइन तिकडे टेस्ट होते आणि डब्यावर छापलंय त्यापेक्षा जास्त वजनाला तुटली तर तुमचा क्लास वर सरकतो. इथून पाठवलेला अर्ज पकडल्या दिवसापासून तीन महिन्यांत त्यांच्याकडे पोचला पाहिजे. काट्याच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स, सीलचा फोटो आणि अर्ज एकाच पाकिटात घाला आणि पाकीट ट्रॅकिंगवाल्या पोस्टानेच पाठवा.