घरी रक्तदाब मोजताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी जगभरात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे दगावली, आणि त्यांतील ८५ टक्के मृत्यू हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांमुळे झाले. दोन्हींच्या मुळाशी बहुतेकदा असणारा उच्च रक्तदाब स्वतःहून काही कळू देत नाही. तो मोजावाच लागतो.

यंत्र दंडावर पट्टा बांधायचे घ्यावे, मनगटाचे शक्यतो टाळावे. पट्टा दंडाच्या जाडीला साजेसा हवा, कारण जाड दंडावर लहान पट्टा आवळला की आकडा विनाकारण वाढून येतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री वर्ज्य समजावी आणि लघवीला जाऊन यावे. मग पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधून हात टेबलावर असा ठेवावा की दंड छातीच्या पातळीत येईल. यंत्र चालू असताना बोलू नये. (नेमके तेव्हाच घरातले कोणीतरी "किती आलं?" म्हणून विचारते.) एका मिनिटाने पुन्हा मोजून दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहावेत.

असे सात दिवस, सकाळी गोळी घेण्यापूर्वी व संध्याकाळी करावे. पहिला दिवस वगळून उरलेल्यांची सरासरी १३५/८५ (वरचा/खालचा आकडा) किंवा त्याहून अधिक आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. सरासरी त्याखाली आली म्हणून चालू गोळी बंद करणे ही आपल्याकडची फार महागात पडणारी सवय आहे. आकडा उतरलेला असतो तो बहुधा त्या गोळीमुळेच.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी पक्षाघाताचे कोणतेही लक्षण अचानक दिसल्यास मात्र यंत्र शोधत बसू नये, घरातली रक्तदाबाची जादा गोळी देऊ नये, पाणीही पाजू नये; महाराष्ट्रात १०८ वर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ डॉक्टरांना सांगावी; झोपेतून उठताना लक्षणे आढळली असतील, तर झोपी जाण्याची वेळ धरावी.