नोकरी सांभाळून आंतरविद्याशाखीय एमए करताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘माहिती भरपूर आहे. तुमचं म्हणणं काय?’ मी पंधरा वर्षं हिशेबखात्यात आहे. अहवाल म्हणजे मुद्दे एकाखाली एक, सोबत तक्ता, शेवटी शिफारस. इथेही तेच केलं होतं. पुण्याच्या पाण्यावर सहा पानं, चौदा मुद्दे, आणि कशाचा कशाला पत्ता नाही.

नोकरी करत इतिहास, समाजशास्त्र, साहित्य, अर्थशास्त्र एकत्र शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. पण याचं मूळ निबंधात नसतं, पेपर निवडताना असतं.

थाळीसारखे पेपर निवडू नका

थोडं तत्त्वज्ञान, थोडा सिनेमा, तोंडी लावायला पर्यावरण. शिवाय शनिवारी तास आहे म्हणून घेतलेला एखादा पेपर. दोन सत्रं छान जातात. मग लघुप्रबंधाचा विषय विचारला जातो आणि काही म्हणता काही सुचत नाही. विषय कितीही घ्या, प्रश्न एक हवा.

माझा प्रश्न पुढे असा ठरला: पुण्यात पाणी कुणाला मिळालं आणि कुणाला नाही? नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरातल्या हौदांत आलं. हा झाला इतिहास. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. तिथे जातीचा अभ्यास केल्यावाचून एक पाऊल पुढे टाकता येत नाही. १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण पुरं झालं आणि शेतीला किती, शहराला किती, हा हिशेब सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या जुन्या पेठांत त्या दिवसाच्या आठवणी सांगणारं कुणीतरी अजून भेटतं, म्हणजे मौखिक इतिहास आला. एवढं दिसल्यावर कोणता पेपर घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

दुसरं सत्र संपत आलं आणि प्रश्न सापडत नसेल, तर आतापर्यंतचे सगळे निबंध जमिनीवर पसरा आणि पुन्हा पुन्हा काय येतंय ते बघा. आमच्या वर्गातल्या एका आयटीवाल्याच्या चारही निबंधांत डिलिव्हरीवाली मुलं होती. त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. तोच त्याचा विषय झाला.

ऑफिसची भाषा ऑफिसात ठेवा

‘पेशवेकाळात हौद होते. ब्रिटिशकाळात धरण झाले.’ ही माझी जुनी वाक्यं. दोन्ही खरी, पण त्यातून काही निघत नाही. मॅडमनी समोर बसवून विचारलं, ‘मग काय बदललं?’ अर्ध्या तासाने लिहिलं ते असं: ‘हौदावर कुणी पाणी भरायचं हे जात ठरवत होती, नळ आल्यावर जात गेली नाही, तिच्या जोडीला पैसा आणि पत्ता आला.’ आता हे सिद्ध करावं लागतं, म्हणून वाचावं लागतं. आधी असं एक वाक्य लिहा, मग परिच्छेद.

आणखी एक घोळ आम्ही सगळ्यांनी घातला. पुण्याचं १८८५ चं गॅझेटियर, जनगणनेचे आकडे आणि शेजारच्या आजींची मुलाखत एकाच पातळीवर ठेवली. गॅझेटियर राज्यकर्त्यांनी कारभारासाठी लिहून घेतलंय. आजी पासष्ट वर्षांनी आठवून सांगतायत. कुणी, कधी, कशासाठी सांगितलं, हे प्रत्येक आधाराबद्दल वेगळं लिहा.

फी भरण्याआधी कागद बघा

दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल, तर त्या वर्षासाठी त्याच अभ्यासक्रमाला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता आहे का, ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत बघा. नुसतं विद्यापीठाचं नाव बघून भागत नाही. पुढे प्राध्यापकीसाठी लागणारी नेट परीक्षा द्यायची असेल, तर तुमच्या पदवीचा विषय नेटच्या यादीत आहे का तेही बघा. नसेल तर जवळच्या विषयातून बसता येतं, पण तो कोणता हे आधीच ठरवून पेपर त्या बाजूचे घ्या. नेटसाठी खुल्या प्रवर्गाला एमएला ५५ टक्के लागतात.

रविवारवर भिस्त नको

मार्चअखेर, सप्टेंबरची तिमाही, गणपती आणि निबंधांच्या तारखा एकमेकांवर येतातच. सत्राच्या पहिल्या आठवड्यात चारही एकाच कॅलेंडरवर लिहा आणि अडचण दिसली की तेव्हाच शिक्षकांशी बोला. तारीख उलटून गेल्यावर त्यांनाही फारसं काही करता येत नाही.

रात्री जेवणं आटोपून अभ्यास करायचा मी वर्षभर प्रयत्न केला. पानं उलटली, डोक्यात काही राहिलं नाही. पहाटेचा एक तास पुरला.

पेशवे दफ्तराचे कागद बघायचे असतील, तर पुराभिलेखागार सरकारी कचेरीच्या वेळेतच उघडं असतं. मी वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ध्या दिवसाच्या सहा रजा त्यासाठी बाजूला काढल्या. कागद बहुतेक मोडी लिपीत आहेत. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, ते पहिल्याच सत्रात लावा. अक्षरं दोन-तीन महिन्यांत ओळखू येतात. सलग ओळ लागायला मला वर्ष गेलं.