गोव्यात डायव्हिंगला येताय? आधी कालनिर्णय उघडा

मी वास्कोत राहते. त्यामुळे ठाण्यापासून कोल्हापूरपर्यंत ज्या कुणाला समुद्रात बुडी मारायची हुक्की येते, त्याचा पहिला फोन मला. सगळ्यांना जे सांगते, तेच इथे.

तिकिटाआधी कालनिर्णय बघा. जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंद. ऑक्टोबरात मांडवी-जुवारीचं गढूळ पाणी पुरतं निवळलेलं नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, आणि त्यातही अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळून अष्टमीच्या आसपासचे दिवस धरा. भांगाच्या भरतीला पाण्याची ओढ कमी, म्हणून तळाचा गाळही कमी उठतो. तरी सांगून ठेवते, इथे पाच मीटरवरचं स्पष्ट दिसलं तरी आम्ही खूश. निळंशार पाणीच हवं असेल तर कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला जा.

मुक्काम बोगमाळो किंवा वास्कोला करा. जिथे डाइव्ह होतात ते ग्रँड आयलंड बेट इथून जवळ. बागा-कळंगुटला राहिलात तर पहाटे अर्ध्या झोपेत सगळं गाव पालथं घालत यावं लागेल आणि त्यात सुट्टीचा निवांतपणा गेलाच म्हणून समजा.

किनाऱ्यावर ‘डॉल्फिन, जेवण, स्कूबा, सगळं एकात’ असं ओरडणारे भेटतील. त्यांना तीनच प्रश्न विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण? पाण्याखाली किती मिनिटं? आजारपणाचा फॉर्म भरून घेता का? तिसऱ्या प्रश्नाला जो हसतो, त्याच्याकडे जाऊ नका. दमा, हृदयविकार, फिट, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी होडीतच बसा. पोहता येत नाही म्हणून मात्र कुणी मागे राहू नये. पहिल्या अनुभवाच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक सोबत असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाही.

आता कान. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो आणि पहिल्या काही मीटरांतच तो सगळ्यात जास्त जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर मीटरला, आणि दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर जोर लावू नका. थोडं वर या, मग पुन्हा करा. गटात एकाचे तरी कान हट्टी निघतात. बाकीच्यांनी थांबायचं, खाणाखुणा करून घाई करायची नाही. श्वास कधीच रोखायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. आणि फोटोसाठी अंगठा दाखवू नका! पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. प्रशिक्षक गुमान वर घेऊन येतो आणि मग अख्खी होडी हसते. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये थोडं पाणी झिरपणारच. मास्कची वरची कड कपाळाशी दाबून नाकाने फुंकलं की ते निघून जातं.

सकाळी भाजी-पाव खा, पण बेताने. रिकाम्या पोटी होडी जास्त लागते. मळमळलं तर क्षितिजाकडे बघत राहा, मोबाईलकडे नाही. आदल्या रात्री फेणी नको. ती डाइव्ह झाल्यावर, संध्याकाळी. गोबरा मासा खाली जिवंत पाहिल्यावर त्याच रात्री ताटात घ्यायचा की नाही, यावर आमच्या गटात दरवर्षी वाद होतो. मी घेते.

डाइव्ह पहिल्याच पूर्ण दिवशी उरका, मग उरलेले दिवस लोळा. कारण एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त झाल्या तर १८ तास विमानात बसू नये. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला हवा. गाडीने कोल्हापूरला जाणाऱ्यांनीही हे धरून चाला, कारण वाटेतली आंबोली जवळपास ७०० मीटर उंचीवर आहे. मुंबईकरांची सोय सोपी आहे: मडगावहून संध्याकाळची कोकणकन्या पकडा.