काता एकच, शैली वेगळी: या चुका टाळा

कराटेच्या शोतोकान शैलीचा ब्राऊन बेल्ट कमरेला बांधून मी शितो-र्यू या दुसऱ्या शैलीच्या क्लासला गेलो आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. सर म्हणाले, ‘पिनान शोदान’. हे एका काताचं, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचं नाव. मला वाटलं, हा तर आपला हेइआन शोदान! डावीकडे वळून दणक्यात गेदान-बराई (हात खाली झटकून अडवणं) मारला. बाकीची पोरं दोन्ही हात उचलून नेको-आशीत, म्हणजे मांजरासारखी मागच्या पायावर दबून बसलेली.

घोळ नावांचा आहे. कराटे शिक्षक इतोसु आन्को यांनी जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या शाळांसाठी पिनान नावाचे पाच काता बसवले. १९२२ मध्ये टोकियोला गेलेल्या, शोतोकानचे जनक फुनाकोशी गिचिन यांनी पुढे त्यांचं ‘हेइआन’ केलं आणि पहिल्या दोघांची अदलाबदल केली, सोपा आधी यावा म्हणून. त्यामुळे शोतोकानचा हेइआन शोदान म्हणजे शितो-र्यू आणि वादो-र्यूचा पिनान निदान. तेव्हा नावावर जाऊ नका, पहिल्या दोन-तीन हालचाली विचारून घ्या.

स्पर्धेत तर हे महागात पडतं. नाव एकाचं पुकारलं आणि केला दुसराच, की थेट बाद.

पण खरी चिवट चूक पायांची. हात आठवड्यात वळण बदलतात, पाय जुनंच धरून बसतात. शोतोकानचा तेक्की हा काता रुंद, खाली बसलेल्या किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहून होतो. ओकिनावाच्या शोरिन-र्यूत तोच नाइहान्ची बराच उंच आणि अरुंद. मधलंच काहीतरी अंतर घेतलं तर धड दोन्हीकडचं होत नाही. माझा उपाय कंटाळवाणा आहे: हात कमरेवर ठेवून पंधरा दिवस नुसते पाय चालवायचे, तेही सावकाश. पट्टी लावल्यासारखं अंतर बसलं की मगच हात जोडायचे.

यूट्यूबवरून तुकडे उचलणं ही आणखी एक खोड. हेइआन निदानमध्ये शोतोकानवाले बाजूला योको-गेरी मारतात, शोरिन-र्यूत तिथे समोरची माए-गेरी असते. एकाची लाथ दुसऱ्याच्या कातात घातली की पुढचं वळणच बिघडतं, कारण पाय वेगळ्या जागी उतरतो.

आणि ‘तुमचा चुकीचा, आमचा मूळ’ हा वाद चेंजिंग रूममध्येही नको. शोतोकानचा हांगेत्सु आणि गोजू-र्यूचा सेइसान शेजारी करून पाहा. एका मुळाचे आहेत यावर विश्वास बसायला वेळ लागतो. नव्या क्लासमध्ये गेलात तर बेल्ट विसरा, मागच्या रांगेत उभे राहा, आणि सरांनी नाव पुकारलं की आधी शेजारच्याचे पाय बघा.